तिसऱ्या भागात फाटकं असावीत

बॉथवेल, टास्मानिया
१४ ऑक्टोबर

मा. खेळ बनवणाऱ्या कंपनीस, मेलबर्न

आपल्या 'ब्रॅकनहोल्ड' या व्हिडिओ खेळाचा तिसरा भाग तयार होतो आहे आणि त्यात काय काय असावं ते खेळणाऱ्यांनी कळवावं, असं आपण जाहीर केलं आहे. माझ्या बायकोने मला ते वाचून दाखवलं. टपालाचा पत्ताही दिला आहे, म्हणून लिहितो.

मी अडुसष्ट वर्षांचा आहे आणि मेंढ्या पाळतो. सप्टेंबरात माझा खुबा बदलला. बारा आठवडे बाईकवर बसायचं नाही, मेंढ्यांमागे जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. पहिला आठवडा मी बायकोला भांडी कशी घासावीत ते समजावण्यात घालवला. दुसऱ्या आठवड्यात तिने मागच्या खोलीतून खेळाचं यंत्र आणलं. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या आखूड पायाखाली दोन वर्षं सरकवलेला आपला दुसरा भाग ओढून काढला आणि माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, हुकूम सोडायचे असतील तर यात सोड.

सुरुवातीलाच राजा बोलावतो आणि सांगतो की ड्रॅगन जागा झालाय, राज्य तूच वाचवू शकतोस. ठीक आहे. पण किल्ल्याबाहेर पडलो तर समोर कुरण, सहा मेंढ्या रस्त्यावर आणि फाटक सताड उघडं. आमच्याकडे एकच नियम आहे, फाटक जसं सापडेल तसं ठेवायचं. बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं, कारण मालकाने ते काहीतरी कारणाने तसं ठेवलेलं असतं. पण मेंढ्या रस्त्यावर आल्या म्हणजे कारण नव्हतं, हलगर्जीपणा होता. मी फाटक लावायला गेलो. ते लागेना. आपल्या खेळातली फाटकं नुसती रंगवलेली आहेत.

मग राज्यभर हिंडून मी एकूण त्रेचाळीस मेंढ्या गोळा केल्या. कुत्रा नाही, त्यामुळे स्वतः मागे चालत. पडक्या दगडी भिंतींच्या एका आवारात त्या घातल्या आणि तोंडाशी मीच उभा राहिलो. याला खेळातले नऊ दिवस लागले. तेवढ्यात ड्रॅगनने तीन गावं जाळली आणि राजाचा दूत दोनदा येऊन गेला. मी बायकोला म्हटलं, थांबू दे त्याला. दहाव्या दिवशी खानावळीत जाऊन एक रात्र झोपलो. सकाळी पाहतो तर त्रेचाळीसच्या त्रेचाळीस मेंढ्या पहिल्या जागी. मी यंत्र बंद केलं आणि बराच वेळ अंगणात जाऊन बसलो.

तरी माझ्या सूचना अशा. मेंढ्या जिथे ठेवाव्यात तिथे राहाव्यात. फाटकं लागावीत. आणि शेवटचं कोणी उघडलं हे फाटकाच्या लक्षात राहावं. ही शेवटची सूचना वाटते त्यापेक्षा महत्त्वाची आहे.

आपला,
एल. प्रॉक्टर (एक ग्राहक)

ता.क. ही पत्रं वाचणाऱ्या विभागाची प्रमुख माझी मुलगी आहे असं तिची आई म्हणते. आम्ही अकरा वर्षं बोललेलो नाही, त्यामुळे मला नक्की माहीत नाही. त्याचा या पत्राशी संबंध नाही.


२ नोव्हेंबर

मा. विभागप्रमुख,

आपलं छापील उत्तर मिळालं. 'प्रिय वीर, आपली सूचना क्रमांक ४११२ नोंदवली आहे. ब्रॅकनहोल्डच्या भूमीत आपलं स्वागत असो.' आभारी आहे. मला आजवर वीर कोणी म्हटलं नव्हतं. तुझ्या आईने तर (हे खोडलं असं समजावं) माझ्या बायकोने तर ते उत्तर फ्रिजवर चिकटवून ठेवलं आहे आणि कचरा बाहेर ठेवायचा असला की मला त्याच नावाने हाक मारते.

आज शेतकऱ्यांविषयी लिहायचं आहे. खेळात मी एका शेतकऱ्याच्या अंगणात पाऊल ठेवतो, अजून टोपीला हातही लावलेला नसतो, आणि तो म्हणतो, हे शूरवीरा, माझी लेक गुहेतल्या राक्षसांनी पळवली, तिला सोडवून आण. असा शेतकरी मी जन्मात पाहिलेला नाही. खरा शेतकरी आधी पावसाचं बोलेल. मग गेल्या वर्षीच्या पावसाचं. मग शेजाऱ्याच्या गुडघ्याचं. तीन कप चहा होतील. वीर कंटाळून निघेल, गाडी सुरू करेल. मग तो खिडकीवर हात ठेवून, डोंगराकडे बघत म्हणेल, 'बाकी, ती मुलगी राक्षसांनी नेली. सवड झाली तर बघा.' आमच्या भागात महत्त्वाची गोष्ट इंजिन सुरू झाल्याशिवाय कोणी बोलत नाही. तिसऱ्या भागात हे जमवावं.

दुसरं म्हणजे वीर कोणाच्याही घरात शिरतो, मडकी उघडतो आणि चमचे खिशात घालतो, आणि घरातली बाई झाडत राहते. बायकोला याचा सगळ्यात जास्त राग आला. तिने मला तीन गावांतले चमचे परत ठेवायला लावले. ठेवता येत नाहीत. जमिनीवर टाकता येतात फक्त. तेव्हा परत ठेवण्याची सोय हवी.

तिसरं, कुत्रा. खेळात कुत्रे आहेत पण नुसते भुंकतात. शिटीवर चालणारा हवा. एका शिटीला डावीकडे, दुसरीला उजवीकडे, लांब शिटीला जागच्या जागी बसणारा. परवा कंटाळून मी पडद्यासमोर सवयीने शिटी वाजवली. आमची टॅन्सी, म्हणजे खरी कुत्री, व्हरांड्यातून उठली आणि बायकोच्या सगळ्या कोंबड्या रांगेत मोरीत नेऊन बसवल्या. इतकी वर्षं मेंढ्यांत काम केलं, पण इतकी नीट रांग तिने कधी लावली नव्हती. मला कौतुक वाटलं. तसं म्हणायला नको होतं.

आपला,
एल. प्रॉक्टर

ता.क. येत्या ३० जानेवारीला बायको सत्तरीची होते. तिने जाहीर केलंय की त्या दिवशी मुलगी या घरात, या टेबलाशी जेवायला असली पाहिजे. नसली तर ती स्वतः मेलबर्नला जाणार, आणि परत कधी यायचं ते तिथे गेल्यावर ठरवणार. ती मुलीशी दर रविवारी चार वाजता फोनवर बोलते. त्या वेळात मी लाकडं फोडतो. सध्या आमच्याकडे तीन हिवाळे पुरतील इतकी लाकडं आहेत.


२३ नोव्हेंबर

बी. पी. यांस,

या वेळच्या छापील उत्तराखाली हाताने लिहिलेली एक ओळ होती. 'फाटकं लावत बसणं खेळाडूंना कंटाळवाणं वाटतं, असं चाचणीत दिसलं आहे. – बी. पी.' अक्षर ओळखीचं वाटलं. शाळेच्या वह्यांत असायचं तसंच, घाईचं.

कंटाळवाणं वाटतं हे मान्य. पण फाटक न लावल्यावर जे होतं ते मुळीच कंटाळवाणं नसतं, आणि हे आपल्या चाचणीवाल्यांना ठाऊक नसावं. एक उदाहरण देतो.

आमच्या भागात एका फार्मवर अकरा वर्षांपूर्वी, जानेवारीत, लोकर कातरणीच्या दिवसांत, एक फाटक रात्रभर उघडं राहिलं. पलीकडे वीस एडके होते आणि अलीकडे बाराशे मेंढ्या. सकाळी सगळे एकत्र, आणि एडक्यांच्या तोंडावर समाधान. मग फाटक लावलं. बैल गेला नि झोपा केला म्हणतात तसं. मेंढीला पोटात पाच महिने लागतात. म्हणजे सप्टेंबरच्या उन्हात व्हायची कोकरं ऐन हिवाळ्यात, जूनच्या बर्फात पडणार, हे त्या सकाळीच ठरलं.

त्या शेतकऱ्याने मुलीला जबाबदार धरलं. ती बावीस वर्षांची होती आणि कुठेतरी कोपऱ्यात डोकं खाली घालून खेळ खेळत बसायची. तिच्याशिवाय असं कोण करणार, असं त्याला वाटलं. चहाच्या सुट्टीत, शेडमध्ये, कातरणाऱ्या अकरा माणसांसमोर तो तिला म्हणाला, 'फाटकाची कडी हातात द्यायची लायकी नाही तुझी. माणसांची घरं कशी चालतात ते त्या खेळात शिकवत नाहीत वाटतं.' चौथ्या दिवशी ती गेली. पुढे काय झालं ते या सूचनेच्या कक्षेत येत नाही.

म्हणून मी म्हणत होतो की शेवटचं कोणी उघडलं हे फाटकाच्या लक्षात राहावं.

आता नवीन सूचना. खेळात कोणी काही विचारलं की चार उत्तरं समोर येतात. एक गोड, एक तिरकं, एक पैसे मागणारं आणि एक तलवार उपसणारं. यात गप्प राहण्याचं पाचवं उत्तर हवं. आमच्याकडची निम्मी बोलणी तेवढ्यावरच चालतात. कालच राजाने मला विचारलं, ड्रॅगनचं काय केलंस? चारांतलं एकही उत्तर खरं नव्हतं. गप्प राहता आलं असतं तर दोघांचीही अब्रू राहिली असती.

आपला,
एल. प्रॉक्टर

ता.क. त्या शेतकऱ्याने पुढे त्या फाटकाला साखळी आणि कुलूप लावलं. किल्ली त्याच्याच खिशात असते. आत-बाहेर करायला रोज दहा मिनिटं जास्त जातात. कोणी त्याला कारण विचारत नाही.


९ डिसेंबर

ब्रॉन,

तुझं उत्तर आलं. या वेळी छापील काहीच नव्हतं. 'गप्प राहण्याचा पर्याय आम्ही करून पाहिला होता. खेळाडू गप्प राहिला की समोरचं माणूस थोडा वेळ थांबतं. मग निघून जातं आणि परत येत नाही. लोक तक्रार करतात की हा खेळातला दोष आहे. तो दोष नाही.'

रस्त्याच्या टोकाला टपालपेटीपाशी उभ्यानेच वाचलं. घरी आलो. घोड्यांना तहान लागली पाहिजे यावर मी दीड पान लिहून ठेवलं होतं, ते फाडलं. घोड्यांचं नंतर बघू.

फाटक मी उघडं ठेवलं होतं.

संध्याकाळी सहाचा सुमार होता. हौदाच्या नळाचा तरंगता गोळा अडकून पाणी वाहून चाललं होतं. मी फाटक उघडलं, पिकअप आत घातली, गुडघ्यावर बसून गोळा सोडवला. तेवढ्यात शेडकडून कातरणाऱ्यांतल्या मर्व्ह टूलीने हॉर्न लावून धरला, लोकर दाबायचं यंत्र अडकलं होतं. मी तसाच गाडीत बसलो आणि निघालो. उतरून फाटक लावलं नाही. जन्मात एकदा.

पण सकाळी एडके पाहिले तेव्हा मला ते खरंच आठवलं नव्हतं. हे तुला खरं वाटो न वाटो, चहाच्या वेळी मी तुला बोललो तेव्हा मला मनापासून वाटत होतं की ते तुझंच काम आहे. दुपारी हौदाशी गेलो तर काठावर माझी पक्कड. हॉर्न ऐकून ठेवली होती तशीच. तिथे सगळं आठवलं.

तू अजून तीन दिवस घरी होतीस. माझ्या हातात तीन दिवस होते. तिन्ही दिवस सकाळी तू समोर बसायचीस आणि मी तुला लोण्याची बशी पुढे करायचो. मनात म्हणायचो, कातरणारे गेले की सांगू, चारचौघांत नको. चारचौघांत बोलायला मला वेळ लागला नव्हता, हे तेव्हा सुचलं नाही. शुक्रवारी कातरणारे गेले आणि त्याच दिवशी डेव्हनपोर्टच्या बसने तूही गेलीस.

जूनमध्ये कोकरं पडायला लागली. तुझ्या आईने आणि मी जमतील तेवढी स्वयंपाकघरात आणली. ओव्हनचं दार उघडं ठेवून समोर गोधड्या अंथरल्या. बहुतेक गेली. लोक विचारायला यायचे, आणि एकदा, एकदाच, मी मर्व्हला म्हणालो की पोरीने फाटक उघडं टाकलं. त्यानंतर कोणी विचारलं नाही.

मला लाज वाटत होती, पण लाजेपेक्षा भीती जास्त होती. चार वर्षांची असल्यापासून मी तुला गाडीतून उतरवून फाटकं लावायला लावली. कडी तुझ्या डोक्यापेक्षा उंच असायची तेव्हापासून. तो नियम बापाने स्वतःच मोडला आणि वर तुझ्यावर ढकलला, हे तुला कळलं तर मग माझं सांगितलेलं काय उरेल, असं वाटायचं. एक वर्ष गेलं की सांगणं अवघड होतं. पाच गेली की ते मूर्खपणाचं वाटतं. अकरा वर्षांनी माणूस मेंढ्यांच्या खेळाविषयी कंपनीला पत्रं लिहायला लागतो.

मी तुझ्यावर अन्याय केला, ब्रॉन. मला त्याचं फार वाईट वाटतं.

खाली काय म्हणून सही करावी ते कळत नाही. म्हणून करत नाही.


२८ डिसेंबर

ब्रॉन,

तू मला पत्रात बाबा म्हटलंस. आता सहीचा प्रश्न सुटला.

पण बाकी पत्राने मी आडवा झालो. तुझं वाक्य इथे पुन्हा लिहितो, म्हणजे मला पटेल. 'बाबा, मला माहीत होतं. मी टाकीच्या शिडीवर बसले होते. तुझी पिकअप आत गेलेली पाहिली, बाहेर आलेली पाहिली. फाटक तसंच राहिलं. मला वाटलं तू परत येणार आहेस, म्हणून मुद्दाम उघडं ठेवलंयस. म्हणून मी हात लावला नाही.'

म्हणजे तू लावू शकली असतीस. मीच शिकवलं होतं की मालकाने ठेवलंय तसं राहू द्यायचं, म्हणून नाही लावलंस. हे वाचून मी हसावं की रडावं ते कळेना. तुझ्या आईने सांगितलं की मी दोन्ही केलं.

तिला मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. ती वाटाणे सोलत होती. म्हणाली, 'हो, मला माहीत होतं.' मी विचारलं, तुला कसं? ती म्हणाली, 'त्या रात्री तुझ्या विजारीचे दोन्ही गुडघे चिखलाने भरले होते. जानेवारीत या फार्मवर चिखल हौदाशिवाय कुठे असतो?' मग सांगितलं का नाहीस, म्हटलं. तर म्हणाली, 'तू सांगशील म्हणून थांबले. मला वाटलं आठवडाभर लागेल.'

नाताळच्या शुभेच्छा द्यायला मर्व्हचा फोन आला तेव्हा तुझ्या आईने माझ्यादेखत त्याला विचारलं. तो म्हणाला, 'हॉर्न मीच वाजवला की. लिंडसे कुठून आला ते शेडच्या दारातून दिसलं सगळ्यांना.' सगळ्यांना! अकरा वर्षं मी झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून जपत होतो, आणि ती अख्ख्या बॉथवेलने पहिल्याच दिवशी उघडून पाहिली होती. दर वर्षी हीच माणसं इथे येऊन माझ्याशी पावसाच्या गप्पा मारून जात होती.

आता तुझी अट. जिथे बोललास तिथेच सांग, चहाच्या सुट्टीत, सगळ्यांसमोर, मग मी येण्याचं बघते. अट रास्त आहे. पण काही अडचणी लक्षात आणून देतो. त्या अकरांपैकी पाच जणांनी काम सोडलं, एक वारला, एक पर्थला खाणीत गाड्या चालवतो. शिवाय सगळ्यांना माहीतच आहे, तर सांगायचं काय? चर्चच्या महिन्याच्या पत्रकात दोन ओळी छापल्या तर चालेल का? किंवा तिसऱ्या भागात एखाद्या खानावळवाल्याच्या तोंडी घाल. येईल त्या प्रत्येक वीराला त्याने सांगावं की लिंडसे प्रॉक्टरने फाटक उघडं ठेवलं. माझी हरकत नाही. जगभर होईल.

विचार करून कळव. कातरणी १२ तारखेपासून आहे.

बाबा


१५ जानेवारी

ब्रॉन,

तुझं उत्तर तुझ्या आईच्या फोनवर आलं. एकच शब्द होता, 'नाही.' तिने तो मला तीनदा दाखवला.

तर काल सांगितलं. सविस्तर लिहितो, म्हणजे तुला शंका राहायला नको.

पहिल्या दिवशी सांगणार होतो, पण कातरणाऱ्या एकाची पाठ धरली होती, वातावरण बरं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तुझ्या आईने चहाबरोबर खायला स्कोन केले होते आणि लोक खात होते, खाणाऱ्या माणसांत बोलू नये. तिसऱ्या दिवशी तिने स्कोन केले नाहीत. चहाही केला नाही. किटली हातात धरून शेडच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, 'लिंडसेला काहीतरी सांगायचंय. मग चहा.' चहासाठी थांबलेली नऊ घामेजलेली माणसं किती शांत बसतात ते मी पहिल्यांदा पाहिलं.

मी लोकर निवडायच्या टेबलाला धरून उभा राहिलो. पाठ केलेलं सगळं विसरलो. आधी पावसाविषयी बोललो. तुझी आई किटली घेऊन वळली. तेव्हा मी म्हणालो, 'अकरा वर्षांपूर्वी एडक्यांचं फाटक मी उघडं टाकलं. ब्रॉनने नाही. मी इथे उभा राहून तुमच्यासमोर तिला नको ते बोललो. त्याच दिवशी दुपारी मला कळलं होतं, आणि मी तोंड उघडलं नाही. ती गेली तरी उघडलं नाही.'

जुने चौघे जमिनीकडे बघत होते. नव्यांपैकी एकाने हळूच विचारलं, ब्रॉन कोण? मर्व्ह त्याला म्हणाला, गप बस. मग मला म्हणाला, 'खाली बस आता. खुबा नवीन आहे तुझा.'

बसलो. मर्व्ह बाजूला येऊन बसला. म्हणाला, 'दर वर्षी इथून जाताना आम्ही म्हणायचो, या वर्षीही नाही बोलला. रोवेनाने तर पैज लावली होती की तू मरताना बोलशील.' रोवेना म्हणजे त्यांची स्वयंपाकीण. ती हरल्यामुळे जरा नाराज दिसली. मी विचारलं, मग तुम्ही कोणी का नाही बोललात? मर्व्हने टोपी काढली, परत घातली. म्हणाला, 'ती पोर इथे उभी होती तेव्हा मला दिसत होतं की तू चुकतोयस. मी चहात साखर ढवळत राहिलो. तिला लिही की मर्व्ह टूलीचंही चुकलं.'

म्हणून लिहिलं.

पुरावा म्हणून लोकरीच्या गठ्ठ्यावरची एक चिठ्ठी सोबत जोडली आहे. तिच्यावर नऊ सह्या आहेत. पाच जण त्या वेळी इथे नव्हते, त्यातला एक तर तेव्हा प्राथमिक शाळेत होता. पण त्यांनाही सही करायची होती. 'फाटक यानेच उघडं ठेवलं' हे वर लिहिलंय ते रोवेनाचं अक्षर.

कुलूप आज काढलं. आता साधी कडीच आहे.

बाबा


२४ जानेवारी

ब्रॉन,

२९ तारखेच्या बोटीने येतेस हे तुझ्या आईला मी सांगितलं. रविवार होता, चार वाजले होते, फोन मीच उचलला होता हे तुला माहीतच आहे. आपण काही फार बोललो नाही. पण लाकडं फोडायची राहिली.

तुझ्याबरोबर इनेस येते आहे आणि ती मटण खात नाही, हेही सांगितलं. तुझी आई आल्यागेल्याला तेच विचारते आहे की मेंढ्यांच्या फार्मवर मटण न खाणाऱ्या माणसाला काय वाढायचं. मासे चालतात का ते कळव. चालत नसतील तर तेही कळव, म्हणजे मी सरोवरावर गळ टाकायला जाण्याचा खटाटोप करणार नाही. इनेस तुझ्याबरोबर सहा वर्षं आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगायला मी जागा ठेवली नव्हती. तिला सांग की घरात दोन उशा जास्तीच्या काढल्या आहेत आणि कुत्रीला भिऊ नकोस. फक्त शिटी वाजवू नकोस.

आता तुझ्या पत्राच्या शेवटच्या ओळी. 'मी जाणारच होते, बाबा. मेलबर्नचं बोलावणं आलेलं होतं, त्या दिवशी शेडमध्ये ते माझ्या खिशात होतं. तुझ्या बोलण्याने मी गेले नाही. फक्त, एरवी परत येत राहिले असते.'

मी ते वाचून बाहेर व्हरांड्यात येऊन बसलो. इतकी वर्षं माझा हिशोब चुकला होता. मी तुला घालवलं असं मला वाटायचं, आणि कुठेतरी मनात असंही असायचं की पोरं जातातच, आज ना उद्या गेलीच असती. ते खरंच निघालं. तुझं जाणं माझं नव्हतंच. तुझ्या आईच्या प्रत्येक वाढदिवसाला, कातरणीला, नाताळला तू जी आली असतीस, ती येणी मी गमावली. गेलेल्या वर्षांचं मी काही करू शकत नाही. ती परत द्यायची सोय कुठेच नाही, तुझ्या खेळातही नसणार.

बोट सकाळी सहाला डेव्हनपोर्टला लागते. मी पहाटे निघून धक्क्यावर येऊन उभा असेन. पिकअपमध्ये तिघांची जागा आहे, कुत्री मागे बसेल.

रविवारी तुझी आई फोनवर तुला विचारत होती, चारच दिवस का. मी विचारणार नाही. चार दिवस राहा, मग जा, बोटीपर्यंत मीच सोडायला येईन. आणि ईस्टरला परत ये.

बाबा